आयसीयूत रोज क्लोरहेक्सिडीनचं स्पंजिंग सुरू करायचंय: कुणाला, कशाने, किती?

खाट_क्रमांक_नऊ

नमस्कार मंडळी.

१४ खाटांचा मिश्र आयसीयू आहे, मेडिकल आणि सर्जिकल रुग्ण एकत्र. निम्म्याहून जास्त रुग्णांना सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, असते. लाइन घालतानाची शिस्त ठीक आहे: पूर्ण ड्रेप, गाऊन, अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, औषध देण्याआधी हब (नळीचं बाहेरचं तोंड) घासणं. तरीही लाइनमुळे होणारा रक्ताचा संसर्ग एका पातळीच्या खाली उतरत नाही. वाढणारे जंतू बहुतेक त्वचेवरचेच, मधूनमधून एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनसारख्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू. म्हणून आता रुग्णाच्या अंगावरचे आणि नाकातले जंतूच कमी करायचे, म्हणजे डिकॉलोनायझेशन, असं ठरतंय. शंका अशा:

सगळ्यांना द्यायचं, की नाकाच्या स्वॅबमध्ये एमआरएसए आलेल्यांनाच? ४ टक्क्यांचं लिक्विड घ्यावं की २ टक्क्यांचे वाइप्स? लिक्विड बादलीभर पाण्यात किती घालायचं, यावर तिघांची तीन उत्तरं मिळाली. नाकात मुपिरोसिन (अँटिबायोटिक मलम) लावायचं की पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक)? तोंडालाही क्लोरहेक्सिडीन द्यायचं का? आणि रोज वापरून जंतू त्यालाच दाद देईनासे होणार नाहीत का?

अनुभवकथन नको, थेट पद्धत सांगा. प्रोटोकॉलचा कागद लिहायला घेतलाय.

---

पेट्री_डिश

पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण खर्च आणि मेहनत दोन्ही त्यावर ठरतात.

आयसीयू असेल तर सगळ्यांना. या प्रश्नावरचा सर्वात मोठा अभ्यास २०१३ साली अमेरिकेतून आला: ४३ रुग्णालयं, ७४ आयसीयू, सुमारे ७४ हजार रुग्ण. तीन गट होते. एकात फक्त तपासणी आणि आयसोलेशन, दुसऱ्यात एमआरएसए सापडलेल्यांनाच डिकॉलोनायझेशन, तिसऱ्यात तपासणी न करता सरसकट सगळ्यांना ५ दिवस नाकात मुपिरोसिन आणि आयसीयूत असेपर्यंत रोज क्लोरहेक्सिडीनने अंग पुसणं. तिसऱ्या गटात कोणत्याही जंतूमुळे होणारे रक्ताचे संसर्ग ४४ टक्क्यांनी कमी झाले, एमआरएसए वाढलेले क्लिनिकल नमुने ३७ टक्क्यांनी. रक्ताचा एक संसर्ग टाळायला ५४ रुग्णांना हे करावं लागलं.

असं का होतं ते पाहा. नाकाच्या स्वॅबमध्ये आपण एकच जंतू शोधतो. तुमच्याकडे लाइनमधून रक्तात शिरणारे जंतू मात्र मुख्यतः त्वचेवरचे आहेत आणि ते प्रत्येक माणसाच्या अंगावर असतात, स्वॅब काहीही सांगो. शिवाय कल्चरचा (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याचा) निकाल यायला दोन दिवस लागतात, आणि रुग्णाच्या अंगात सर्वात जास्त नळ्या याच दोन दिवसांत पडतात. निकाल हातात येईपर्यंत थांबण्यात काही अर्थ नाही.

वॉर्डाचं गणित वेगळं. २०१९ मध्ये ५३ रुग्णालयांच्या साध्या वॉर्डांत असाच प्रयोग झाला, तेव्हा सरसकट सगळ्यांत ठळक फायदा दिसला नाही. पण सेंट्रल लाइन किंवा तसंच उपकरण असलेल्यांत रक्ताचे संसर्ग जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले. त्यामुळे रुग्ण आयसीयूतून वॉर्डात गेला आणि लाइन तशीच असली, तर स्पंजिंगही चालू ठेवा. हँडओव्हरच्या कागदावर लाइनच्या रकान्याशेजारीच त्याचा रकाना करा. शिफ्टिंगच्या दिवशीच हे हमखास सुटतं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर बैठकीत कुणीतरी ती काढणारच. २०१५ मध्ये एकाच केंद्रातल्या पाच आयसीयूंत, ९,३४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रोजच्या क्लोरहेक्सिडीन वाइप्सने काही फरक पडला नव्हता. तिथे प्रत्येक टप्पा फक्त १० आठवड्यांचा होता आणि नाकात काही दिलं नव्हतं. तुमचा मूळ दर आधीच खूप खाली असेल तर तुम्हालाही फरक जाणवणार नाही, हे धरून चाला.

---

रात्रपाळी_सिस्टर

पेट्री_डिश सरांनी कुणाला द्यायचं ते सांगितलं, मी हाताचं काम सांगते. ही योजना फसते ती बहुतेक वेळा इथेच.

आधी एक गोष्ट टीमच्या डोक्यात बसवा: ही आंघोळ नाही, अंगाला औषध लावणं आहे. साबणाच्या आंघोळीत मळ निघाला की काम संपतं. क्लोरहेक्सिडीन त्वचेच्या वरच्या थराला चिकटून राहतं आणि पुढचे कित्येक तास जंतू मारत राहतं. तो थर टिकला तरच उपयोग. म्हणून पुसल्यावर टॉवेलने कोरडं करायचं नाही, पाण्याने धुवायचं नाही, वर साबण लावायचा नाही. नवीन माणूस पहिल्या दिवशी हमखास टॉवेल फिरवतो, कारण आयुष्यभर तसंच स्पंजिंग केलेलं असतं.

मोठ्या माणसाला २ टक्क्यांचे सहा वाइप्स. पहिला मान, खांदे, छाती. दुसरा दोन्ही हात, काखा आणि बोटांच्या बेचक्या. तिसरा पोट, मग जांघा आणि शेवटी जननेंद्रियांचा बाहेरचा भाग. चौथा उजवा पाय, पाचवा डावा पाय, दोन्हीकडे बोटांच्या बेचक्यांसकट. सहावा मानेची मागची बाजू, पाठ, शेवटी नितंब. स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे जायचं, आणि वापरलेला वाइप मागे आणायचा नाही. स्थूल रुग्णाला सहा पुरत नाहीत. दुसरं पाकीट फोडायचं, त्यात काटकसर नको. पोटाच्या, स्तनांखालच्या, मानेच्या घड्या उघडून आत पुसायचं.

नुसता हात फिरवून चालत नाही. दाबून, चोळून लावायचं. वाइप अंगावरून अलगद ओढून नेला तर ओल पसरते, औषध बसत नाही.

मान हमखास राहते. पुसल्यानंतर अंगावर किती क्लोरहेक्सिडीन राहिलं हे मोजतात, तेव्हा मानेवरचं प्रमाण सर्वात कमी भरतं. कारण उघड आहे: गळ्यात ट्यूबच्या पट्ट्या, बाजूला जुगुलर (मानेच्या शिरेतली) लाइन, कॉलर, आणि काही हलेल या भीतीने हात लवकर काढला जातो. पण जुगुलर लाइन असलेल्या रुग्णाची मान हीच तर सर्वात महत्त्वाची जागा. दोघी मिळून करा, एकीने ट्यूब धरायची, दुसरीने पुसायचं.

नळ्याही पुसायच्या. सेंट्रल लाइन, युरिनरी कॅथेटर, ड्रेन, फीडिंग ट्यूब: शरीरापासून पहिले १५ सेंटिमीटर, शरीराकडून बाहेरच्या दिशेने. पारदर्शक ड्रेसिंग असेल तर त्याच्या वरूनही. गॉज ड्रेसिंगवरून नाही, ते भिजतं.

बेडसोअर पहिल्या-दुसऱ्या पायरीचा असेल, वरवरचं खरचटलं असेल, टाके घालून बंद केलेली जखम असेल, तर त्यावरून पुसायला हरकत नाही. खोल, उघड्या, पॅकिंग केलेल्या जखमेत अजिबात नाही. चेहरा साध्या पाण्याने, वेगळ्या कपड्याने. जबड्याच्या रेषेच्या वर क्लोरहेक्सिडीन जाऊ द्यायचं नाही. डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते, फाटलेल्या पडद्यातून मधल्या कानात उतरलं तर श्रवणशक्ती जाऊ शकते.

शी झाली असेल तर आधी पाण्याने किंवा साध्या वाइपने ती पूर्ण काढा आणि मग क्लोरहेक्सिडीन लावा. मळावरून फिरवलेलं औषध मळातच संपतं. दिवसात पुन्हा शी झाली तर तेवढ्या भागावर परत एक वाइप. डायपरच्या जागी जे क्रीम लावता ते क्लोरहेक्सिडीनला चालणारं आहे का, हे फार्मसीकडून लेखी घ्या.

लावल्यावर दोन-तीन मिनिटं अंग चिकट वाटतं. शुद्धीवरचे रुग्ण तक्रार करतात, नातेवाईक टॉवेल मागतात. "वाळलं की जाईल, पुसू नका" हे आधीच सांगून ठेवलं की वाद होत नाही. पाकीट वॉर्मरमध्ये गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये नको, एखादा वाइप भाजण्याइतका तापतो.

---

मापन_पात्र

बादलीचा हिशोब माझ्याकडे.

४ टक्के म्हणजे १०० मिलीमध्ये ४ ग्रॅम. ५० मिली लिक्विड ५ लिटर पाण्यात घातलं तर २ ग्रॅम औषध ५ लिटरमध्ये, म्हणजे ०.०४ टक्के. वाइपमधल्या २ टक्क्यांपेक्षा ५० पट पातळ. "दोन झाकणं टाका" ही सूचना आणखी वाईट: झाकण ५ मिलीचं धरलं तर ०.००८ टक्के, २५० पट पातळ. त्या तीन उत्तरांपैकी एकही बरोबर नसेल, कारण प्रश्नच चुकीचा आहे. बादलीत घालायचंच नाही. शिवाय बादली किंवा टब हीच जंतूंची वसाहत असते. एकदा अंगाला लावलेलं कापड परत त्यात बुडवलं की पायाचे जंतू छातीवर येतात.

वाइप्स परवडत नसतील तर ४ टक्क्यांचं लिक्विड असं वापरा. साध्या ओल्या कपड्याने अंग ओलं करा. वापरून फेकायच्या ओल्या कापडावर लिक्विड थेट ओता आणि एकेक भाग चोळून फेस आणा. २ मिनिटं तसंच ठेवा. मग स्वच्छ पाण्याच्या कापडाने फेस काढा. हे लिक्विड धुऊन टाकण्यासाठीच बनवलेलं असतं, त्यात फेस आणणारे घटक असतात. ते अंगावर वाळू दिलं तर खाज, लाली, सालं निघणं हे ठरलेलं. एका पूर्ण अंगाला साधारण १२० मिलीची एक बाटली धरतात. धुतल्यामुळे अंगावर वाइपइतकं औषध उरत नाही हे खरं, पण बादलीच्या पद्धतीपेक्षा कितीतरी जास्त उरतं. चालता-फिरता रुग्ण असेल तर शॉवरखाली हीच रीत: पाण्याच्या धारेतून बाजूला व्हायचं, लावायचं, २ मिनिटं थांबायचं, मग धुवायचं.

कापड सुती नको. क्लोरहेक्सिडीनवर धन भार असतो. तो कापसाच्या धाग्यांना चिकटतो आणि अंगापर्यंत कमी पोचतो. पॉलिएस्टरचं किंवा नॉनवोव्हन कापड घ्या. याच धन भारामुळे साध्या साबणाशी, बहुतेक शांपूंशी आणि बऱ्याच लोशन्सशी त्याचं जमत नाही. त्यांतले ऋण भाराचे घटक त्याला बांधून निकामी करतात. सकाळी क्लोरहेक्सिडीन आणि दुपारी साध्या साबणाने स्पंज, म्हणजे सकाळची मेहनत दुपारी धुतली. वॉर्डातली लोशनं, बॅरियर क्रीम, ड्राय शांपू या सगळ्यांची एक यादी करून चालणारी आणि न चालणारी अशी फळी भिंतीवर लावा. न चालणारी वस्तू वॉर्डातूनच उचलणं त्याहून बरं, कारण हाताशी असलेली बाटली वापरली जातेच.

स्टोअरमध्ये क्लोरहेक्सिडीन नावाच्या चार गोष्टी असतात आणि त्यांची अदलाबदल होते. ७० टक्के अल्कोहोलमधलं २ टक्के द्रावण लाइन घालण्याआधी त्वचेसाठी असतं. ते पूर्ण अंगाला लावायचं नाही: पेट घेतं, आणि घड्यांत साचलं तर त्वचा भाजते. ०.१२ किंवा ०.२ टक्क्यांचं तोंडाचं. सेट्रिमाइड मिसळलेलं जखमांचं, त्यात क्लोरहेक्सिडीन अगदी थोडं असतं. आणि ४ टक्क्यांचं हात धुण्याचं आणि आंघोळीचं. इंडेंटवर (मागणीपत्रावर) नुसतं "क्लोरहेक्सिडीन" लिहू नका. टक्केवारी आणि उपयोग दोन्ही लिहा.

पातळ केलेलं द्रावण साठवून ठेवू नका. जंतुनाशकात जंतू वाढत नाहीत हा गैरसमज आहे. बर्कहोल्डेरिया, सेराशिया, स्यूडोमोनास यांना पातळ क्लोरहेक्सिडीनमध्ये राहता येतं, आणि दूषित अँटिसेप्टिकमुळे उद्रेक झालेले आहेत. अर्धी वापरलेली बाटली वरून भरणं, म्हणजे टॉप-अप, पूर्ण बंद.

आणि लाँड्रीला आधी कळवा. क्लोरहेक्सिडीन लागलेली चादर हायपोक्लोराइटमध्ये टाकली की तपकिरी डाग पडतात, ते निघत नाहीत. तिथे पेरॉक्साइडवाली ब्लीच लागते. ही बारीकशी गोष्ट वाटते, पण डागाळलेल्या चादरींच्या तक्रारीवरून योजनाच बंद पडू शकते.

---

खाट_क्रमांक_नऊ

मापन_पात्र, बादलीचा परिच्छेद जसाच्या तसा प्रोटोकॉलमध्ये जातोय. सिस्टर, ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छिद्र पाडून बसवलेली श्वासाची नळी) असेल तर मानेचं कसं? आणि नाकाचा मुद्दा अजून बाकी आहे.

---

रात्रपाळी_सिस्टर

ट्रॅकीच्या भोवतीही पुसायचं. फक्त वाइप आधी पिळून घ्यायचा आणि स्टोमाच्या (त्या छिद्राच्या) कडेपासून बाहेर पुसत यायचं, थेंब आत ओघळता कामा नये. स्टोमाला चिकटून असलेला भाग नेहमीच्या ट्रॅकी केअरप्रमाणे. पट्टी बदलायची वेळ आणि स्पंजिंगची वेळ एकच ठेवली की पट्टीखालची त्वचा राहत नाही.

---

पेट्री_डिश

नाक.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं मूळ ठाणं म्हणजे नाकपुडीचा पुढचा भाग, साधारण तीनपैकी एका माणसात. तिथून तो हातावर, काखेत, जांघेत जातो. त्वचा साफ केली आणि नाक तसंच ठेवलं, तर अंगावर पुन्हा पेरणी होत राहते.

मुपिरोसिन २ टक्के मलम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. प्रत्येक नाकपुडीत सुमारे अर्धा ग्रॅम. स्वॅबवर घेऊन पुढच्या भागात आतल्या बाजूने फिरवायचं, मग नाकपुड्या बाहेरून दाबून साधारण मिनिटभर चोळायच्या. खोल ढकलायचं नाही, जंतू पुढेच असतात. नाकातून फीडिंग ट्यूब असेल तरी त्या नाकपुडीत ट्यूबभोवती लावा, ती बाजू वगळणं ही नेहमीची चूक. उपलब्ध असेल तर नाकासाठीचंच मलम घ्या. त्वचेच्या मलमाचा पाया पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा असतो आणि नाकाच्या आतल्या अस्तराला तो झोंबतो. ट्यूब एका रुग्णाची एकच, ट्रॉलीवर सामायिक ट्यूब नको.

रुग्ण पाच दिवसांआधी वॉर्डात गेला तर २०१३ च्या त्या अभ्यासात मुपिरोसिन आयसीयूपुरतंच होतं. परत आयसीयूत आला तर पुन्हा सुरुवातीपासून.

पोव्हिडोन आयोडीन १० टक्के, तेही दोनदा, ५ दिवस. याची मुपिरोसिनशी थेट तुलना २०२३ मध्ये १३७ रुग्णालयांच्या आयसीयूंत झाली, दोन्हीकडे रोजचं क्लोरहेक्सिडीन होतंच. स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाढलेले क्लिनिकल नमुने मुपिरोसिनच्या बाजूला सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे पहिली पसंती मुपिरोसिनच.

आता प्रतिकाराची शंका. मुपिरोसिन हे अँटिबायोटिक आहे आणि त्याला प्रतिकार तयार होतो. तो दोन पातळ्यांचा. एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीतकमी प्रमाण, मिलीलिटरला ८ ते २५६ मायक्रोग्रॅम असेल तर सौम्य, तिथे थोडा तरी उपयोग होतो. ५१२ किंवा त्याहून जास्त असेल तर उच्च, तिथे मलम लावून काही साधत नाही. उच्च प्रतिकाराचा जीन प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर, असतो, त्यामुळे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातो. लॅबला सांगून वेगळ्या केलेल्या एमआरएसएंची मुपिरोसिन तपासणी दर सहा महिन्यांनी एकदा करून घ्या. उच्च प्रतिकार वाढताना दिसला तर आयोडीनकडे वळा. आयोडीनला तसा प्रतिकार होत नाही.

क्लोरहेक्सिडीनच्या बाबतीत जंतूंना ते बाहेर फेकणारे पंप देणारे जीन माहीत आहेत. पण वाइपमधलं प्रमाण २ टक्के, म्हणजे मिलीलिटरला २०,००० मायक्रोग्रॅम. सहन करू शकणाऱ्या जंतूंची मर्यादाही त्याच्या कितीतरी खाली असते. खरी भीती अर्धवट लावण्याची आहे. मोजमापात त्वचेवर मिलीलिटरला १८.७५ मायक्रोग्रॅम ही पातळी बघतात, त्याच्या वर ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू (स्टॅफिलोकॉकस त्यांतलाच) कमी आढळतात. बादलीतलं पातळ पाणी जंतूंना मारण्याऐवजी सराव देतं.

---

व्हेंटिलेटर_कट्टा

वरचं सगळं मान्य. पण प्रोटोकॉलच्या उत्साहात दोन गोष्टी त्यात घुसतात, त्या रोखायला हव्यात.

पहिली, तोंड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला क्लोरहेक्सिडीनने तोंड पुसणं कित्येक वर्षं प्रत्येक बंडलमध्ये (एकत्र पाळायच्या उपायांच्या यादीत) होतं. आता काढा. न्यूमोनिया कमी होतो हे ठामपणे दिसत नाही, आणि मृत्यू थोडे वाढत असावेत अशी शंका विश्लेषणांत आली. अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ च्या मार्गदर्शनात ते सरसकट वापरू नये असंच म्हटलंय. त्याऐवजी दात घासा. मऊ लहान ब्रश, सोबत सक्शन, श्वासाच्या ट्यूबभोवतीच्या फुग्याचा दाब (कफ प्रेशर) आधी तपासून. प्लाक ब्रशनेच निघतो, द्रावणाने नाही. तोंडात जिथे आधीच जखमा आहेत तिथे तर क्लोरहेक्सिडीन चुरचुरतं आणि अस्तर आणखी सोलतं.

दुसरी, आतडं. तुमच्याकडे क्लेबसिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर हा मुख्य त्रास असता, तर मी इतक्या आशेने बोललो नसतो. अशा ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर क्लोरहेक्सिडीनचा असर कमी, आणि त्यांचं कोठार आतड्यात, जिथे वाइप पोचत नाही. अंगावर सांडलेले जंतू कमी होतात एवढाच फायदा. तोही काही कमी नाही, जांघेतली लाइन असेल तर विशेषच. पण कार्बापेनेम या तगड्या अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जंतूचा वाहक रुग्ण स्पंजिंगने "साफ" झाला असं समजून आयसोलेशन उठवू नका. तोंडावाटे कॉलिस्टिन वगैरे देऊन आतडं साफ करण्याची शिफारस युरोपीय मार्गदर्शनानेही २०१९ मध्ये नेहमीच्या वापरासाठी केली नाही. देणं थांबवलं की जंतू परत येतात, आणि कॉलिस्टिनसारखं शेवटचं शस्त्र बोथट व्हायची जोखीम उरते.

व्हेंटिलेटरवरच्या सगळ्यांना घशात आणि पोटात अँटिबायोटिक्स देण्याची पद्धत वेगळी, तिला सिलेक्टिव्ह डिकंटॅमिनेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या १९ आयसीयूंच्या २०२२ च्या अभ्यासात रुग्णालयातले मृत्यू २७.० टक्के विरुद्ध २९.१ टक्के असे आले, फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. प्रतिकारक्षम जंतू मुळातच जास्त असलेल्या आयसीयूने तिकडे वळण्याआधी दहादा विचार करावा.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे बीजाणू क्लोरहेक्सिडीनने मरत नाहीत. कॅन्डिडा ऑरिसही अंगावरून खात्रीने जात नाही. तिथे हातमोजे, गाऊन, साबण-पाण्याने हात आणि जागेची योग्य जंतुनाशकाने सफाई, यांना पर्याय नाही.

---

खाट_क्रमांक_नऊ

तोंडाचं क्लोरहेक्सिडीन काढतोय. शेवटचे तीन प्रश्न: तान्ह्या बाळांना चालतं का? ऑपरेशनआधी काय करायचं? आणि एमआरएसएचा वाहक घरी गेला की संपलं का?

---

मापन_पात्र

दोन महिन्यांखालच्या बाळांत जपून, आणि मुदतपूर्व जन्मलेल्यांत जवळजवळ नाहीच. त्यांची कातडी इतकी पातळ असते की रासायनिक भाजणं होतं आणि औषध रक्तात शिरतं. नवजात विभागाचा निर्णय तिथल्या तज्ज्ञांवर सोडा, मोठ्यांच्या आयसीयूचा कागद तिकडे पाठवू नका.

---

पेट्री_डिश

ऑपरेशन: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशीप्रमाणे हृदय-छातीच्या आणि हाडांच्या शस्त्रक्रियेआधी नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस असलेल्यांना २ टक्के मुपिरोसिन द्यायचंच, सोबत क्लोरहेक्सिडीनची आंघोळ असो वा नसो. याला आधार नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासाचा. वाहक लगेच ओळखून मुपिरोसिन आणि क्लोरहेक्सिडीन दिलं, तेव्हा त्या जंतूचे संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. ५ दिवसांचा कोर्स पुरा व्हायला हवा, म्हणून स्वॅब ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. घाईचं ऑपरेशन असेल तर जेमतेम तासभर आधी नाकात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन हा मार्ग उरतो.

घरी गेल्यावर संपत नाही. २,१२१ एमआरएसए वाहकांवरचा २०१९ चा अभ्यास आहे. डिस्चार्जनंतर सहा महिने, महिन्यातून दोनदा पाच-पाच दिवस: ४ टक्के क्लोरहेक्सिडीनने रोज आंघोळ, ०.१२ टक्क्याने दिवसातून दोनदा गुळण्या, नाकात दोनदा मुपिरोसिन. वर्षभरात एमआरएसएचे संसर्ग ३० टक्क्यांनी कमी. ज्यांनी एकही दिवस चुकवला नाही त्यांच्यात ४४ टक्क्यांनी. गुळण्यांवरून व्हेंटिलेटर_कट्टा यांना घोर नको: हे रुग्ण शुद्धीत, घरी आणि स्वतः थुंकणारे होते.

---

रात्रपाळी_सिस्टर

कागद लिहिताय तर ॲलर्जीचा रकाना वरच ठेवा. साधी लाली असेल तर त्या जागी थांबून पाहायचं. पण अंगावर गांधी उठणं, धाप, बीपी पडणं दिसलं तर ते ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, समजायचं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये याचा वेगळा इशारा दिलाय. अशा रुग्णाला नुसते वाइप्स थांबवून भागत नाही. क्लोरहेक्सिडीनचं जेल असलेलं लाइनचं ड्रेसिंग, क्लोरहेक्सिडीन लावलेली सेंट्रल लाइन, कॅथेटर घालतानाची जेली, माउथवॉश, सगळीकडे तेच असतं. जेलीचं पाकीट तर कुणी वाचतच नाही. मनगटाच्या पट्टीवर "क्लोरहेक्सिडीन ॲलर्जी" लिहा, नुसतं "स्पंज ॲलर्जी" नको.

वेळ ठरवून टाका. रोज एकाच पाळीत, शक्यतो ड्रेसिंग बदलण्याआधी. दाखल झाल्यावर पहिलं स्पंजिंग सहा तासांच्या आत असं आम्ही कागदावर लिहितो, दुसऱ्या दिवसाच्या पाळीवर ढकलत नाही. नकार देणाऱ्या रुग्णाला दुपारी परत विचारायचं, चार्टवर "नकार" लिहून विषय मिटवायचा नाही.

आणि तपासणी चार्टवरून करू नका. चार्टवर सही सगळ्यांचीच असते. महिन्याची पाकिटं मोजा: १४ खाटा भरलेल्या असतील तर ३० दिवसांत किमान ४२० पाकिटं लागायला हवीत. २६० संपली असतील तर बाकीच्या १६० वेळा नुसती सही झालीय. शिवाय आठवड्याला चार-पाच स्पंजिंग प्रत्यक्ष उभं राहून बघा. मान, बेचक्या, नळ्यांचे १५ सेंटिमीटर, टॉवेल फिरवला का, एवढ्या चारच खुणा करा. कुणाला रागवायला नाही, जागेवर हात धरून दाखवायला.

---

व्हेंटिलेटर_कट्टा

मोजमापाबद्दल सिस्टरांना जोड देतो. दर काढताना संसर्गांची संख्या भागिले सेंट्रल लाइन दिवस, गुणिले १,०००. रोज एकाच वेळी लाइन असलेले रुग्ण मोजा, एका रुग्णाला दोन लाइन असल्या तरी एकच दिवस. ३ संसर्ग आणि ९०० लाइन दिवस म्हणजे ३.३. तुमच्या आकाराच्या आयसीयूत महिन्याला लाइन दिवस अडीचशेच्या आसपास भरतील. तेव्हा एखादा संसर्ग कमी-जास्त झाला तरी दर ४ ने वर-खाली होतो. महिन्याचा आकडा बघून नाचू नका, घाबरूही नका. आधीचं पूर्ण वर्ष आणि नंतरचं पूर्ण वर्ष शेजारी मांडा.

एक आकडा मात्र लवकर हलतो: त्वचेवरच्या जंतूंनी दूषित झालेली ब्लड कल्चर्स. ती पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कमी होताना दिसली पाहिजेत. दिसली नाहीत, तर दर बघायच्या आधी सिस्टरांची पाकिटं मोजा.

---

खाट_क्रमांक_नऊ

मागच्या महिन्याचा स्टोअरचा इश्यू काढून पाहिला. ट्रायलसाठी सहा खाटांना दिलेली पाकिटं १८० ऐवजी १०४. उद्यापासून मानेपासून सुरुवात.